सांगलीतला महिला उद्योजक लीडरशिप कोर्स : ८,८५० रुपयांत काय मिळालं आणि काय नाही

आधीच सांगते, कोर्स घेणाऱ्यांचं नाव इथं लिहिणार नाहीये, कारण काही गोष्टी आवडल्या तशा काही चांगल्याच खटकल्यात आणि सांगली म्हणजे केवढीशी, उद्या मार्केट यार्डात समोरासमोर गाठ पडायचीच. तसंही विश्रामबागपासून मिरजेपर्यंतच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये असले कोर्स आता बरेच जण घ्यायला लागलेत, बॅनर सारखे, बॅनरवरचे फोटो पण सारखे (काळा कोट, हाताची घडी), त्यामुळं पैसे भरायच्या आधी ज्यांना अंदाज हवाय त्यांना हे कुठल्याही कोर्सला लावून बघता येईल.

माझं कुपवाड एमआयडीसीत कोरुगेटेड (पुठ्ठ्याच्या) बॉक्सचं युनिट आहे. बेदाण्याचे बॉक्स हे मुख्य काम, त्यामुळं फेब्रुवारीपासून एप्रिल-मेपर्यंत मान वर करायला वेळ नसतो आणि पावसाळ्यात मशीनं निवांत. सासऱ्यांनी चालू केलेलं, आता मी बघते, मिस्टरांची नोकरी वेगळी आहे. माणसं अकरा. कोर्स जुलै-ऑगस्टमध्ये होता, चार रविवार, साडेनऊ ते पाच, म्हणून जमलं नाहीतर सीझनला मी कुणाच्या लग्नाला पण जात नाही.

फी ७,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,८५०. इथंच पहिली खटकलेली गोष्ट. पैसे भरल्यावर साधी पावती व्हॉट्सॲपवर टाकली, टॅक्स इनव्हॉइस मागितलं तर "मॅडम ते कशाला लागतंय" असं उत्तर. आता महिला उद्योजकांना धंदा शिकवणाऱ्यांनी हा प्रश्न विचारावा म्हणजे काय. ज्यांचा जीएसटी नंबर आहे त्यांना धंद्यासाठी घेतलेल्या ट्रेनिंगच्या १,३५० रुपयांचं इनपुट क्रेडिट घेता येतं (म्हणजे आपल्याला भरायच्या जीएसटीतून तेवढे वजा होतात), पण त्याला आपल्या जीएसटी नंबरचं नीट बिल लागतं. मागे लागून लागून शेवटी मिळालं. तुम्ही जाणार असाल तर पैसे भरतानाच मागा.

आता सरळ तिसऱ्या रविवारावर येते, कारण माझ्या मते त्या एका दिवसासाठीच पैसे वसूल झाले.

त्या दिवशी एक सीए मॅडम होत्या. त्यांनी लॅपटॉप उघडलाच नाही. सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या नाव घालायचं नाही, फक्त तीन उत्तरं लिहा. धंद्याच्या खात्याच्या चेकवर सही कुणाची चालते? जीएसटीचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो? आणि गेल्या महिन्यात तुम्ही धंद्यातून स्वतःचा पगार म्हणून किती घेतला? कागद गोळा केले आणि एकेक मोठ्यानं वाचायला घेतले. ओटीपी मिस्टरांच्या मोबाईलवर, ओटीपी दिरांच्या, ओटीपी टॅक्सवाल्याच्या ऑफिसातल्या पोराच्या मोबाईलवर (हे दोन-तीन कागदांवर होतं!), आणि पगार शून्य, शून्य, लागंल तसं घेते, शून्य. पहिल्यांदा सगळ्या हसत होत्या. नंतर शेजारच्या बाईनं मला हळूच विचारलं, अहो तुमचा कुणाच्या मोबाईलवर येतो? माझा माझ्याच येतो, पण तो सुद्धा सासरे गेल्यावर जीएसटीची तारीख चुकली आणि लेट फी बसली म्हणून बदलून घेतलेला, नाहीतर अजून त्यांच्याच जुन्या नंबरावर येत राहिला असता.

मग मॅडम म्हणाल्या की कागदावर तुम्ही प्रोप्रायटर आहात, पार्टनर आहात, डायरेक्टर आहात, ते ठीक आहे. स्टँडअप इंडियासारख्या कर्जाच्या स्कीमला (ती मार्च २०२५ पर्यंत होती) कंपनी किंवा फर्ममध्ये बाईचा ५१ टक्के हिस्सा लागायचा, मग घरातले लगेच कागद करून टाकायचे. मोठ्या लिस्टेड कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानं बोर्डावर एक तरी बाई घ्यावीच लागते, तिथंही सुरुवातीला कितीतरी ठिकाणी घरातलीच बाई बसवली. आमच्या एमआयडीसीत पण वहिनींच्या नावावर शेड आहे आणि वहिनींना शेडचा नंबर माहीत नाही अशी उदाहरणं मी स्वतः बघितलीत, कुणाची नावं घेत नाही. मॅडमचं म्हणणं एवढंच की लीडरशिप वगैरे नंतर बघू, आधी बँकेत जाऊन सहीचा अधिकार आणि मोबाईल नंबर बदलून या. पुढच्या रविवारी त्यांनी ग्रुपवर विचारलं कुणीकुणी बदलला. बऱ्याच जणींनी बदलला होता. एकीनं लिहिलं, घरात दोन दिवस अबोला होता पण झालं. एवढ्या वर्षांत मी जी भाषणं ऐकली त्यातल्या एकाही भाषणानं असं काही घडलेलं मला आठवत नाही.

दुपारी कॉस्टिंग. यात आष्ट्याच्या एक काकी होत्या, शेवया-कुरडया करतात, हाताखाली चार बायका, माल चांगला, सांगलीत दोन-तीन दुकानांत जातो. मॅडमनी त्यांचंच फळ्यावर घेतलं. विक्री किलोला ३२० रुपये. कच्चा माल १७०, बायकांची मजुरी ६०, पॅकिंग २२, गॅस-लाईट १८. झाले २७०. काकी खूश, म्हणाल्या ५० रुपये राहतात की. मॅडमनी विचारलं दुकानदाराला किती देता. १५ टक्के. मग ३२० चे १५ टक्के किती ते काकींनीच सांगितलं, ४८. राहिले दोन रुपये. आणि त्या दोन रुपयांत काकींचं पहाटे उठून चीक शिजवणं, ॲक्टिव्हावरून माल पोचवणं, पाऊस आला की गच्चीवर पळणं, तुटका माल परत घेणं, सगळं. काकी फळ्याकडं बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या हाताखालच्या बायकांना साठ आणि मला दोन, मग मालक कोण वो?" हॉलमध्ये जो हशा पिकला त्याला तोड नाही. पण त्यानंतर अर्धा तास त्यांचा दर किती वाढवायचा, दुकानदाराला काय सांगायचं, थेट गिऱ्हाईकाला विकलं तर डिलिव्हरीचे किती लावायचे यावर सगळ्या जणी तुटून पडल्या. मी पण माझ्या पाच प्लायच्या (पाच थरांच्या) बॉक्सचं तिथंच बसून परत काढलं, क्राफ्ट पेपरचा किलोचा दर, वेस्टेज, गम, पिनची तार, ऑपरेटर, हेल्पर, लाईट, टेम्पो आणि त्यात पहिल्यांदा एक ओळ माझ्या पगाराची. बॉक्समागं किती फरक पडला ते इथं लिहित नाही, गिऱ्हाईक पण वाचतात.

मग रोल प्ले. हे शब्द ऐकले की मला झोप येते पण हा बरा निघाला. एक सर बेदाण्याचे व्यापारी झाले आणि समोर मिरजेची एक मुलगी बसवली, तिचं लेबल प्रिंटिंगचं काम आहे. सर म्हणाले, "वहिनी, दादा आहेत का? दराचं बोलायचं होतं." ती म्हणाली माझ्याशीच बोला. "नाही म्हंजे तुम्ही काय, जुना संबंध आहे, दादांनी कधी आम्हाला नाही म्हटलं नाही." सरांनी हे इतकं हुबेहूब केलं की मला वाटलं हा माणूस नक्की यार्डात बसून आलाय. ती मुलगी पहिल्यांदा "बरं, विचारून सांगते" म्हणाली आणि सरांनी तिथंच थांबवलं, विचारून सांगते हे वाक्य आजपासून बंद, मालकानं कुणाला विचारायचं नसतं वगैरे.

इथं मला पटलं नाही आणि मी तिथंच बोलले. मार्केट यार्डात एकही पुरुष व्यापारी पहिल्या बोलण्यात दर पक्का करत नाही, प्रत्येकाचा एक भाऊ असतो नाहीतर पार्टनर असतो, "भावाला विचारून फोन करतो" म्हणतो आणि तो भाऊ कधीकधी तर त्या धंद्यात पण नसतो. ती वेळ काढायची रीत आहे. पुरुषानं म्हटलं तर धोरण आणि बाईनं म्हटलं तर घाबरली, असं कसं. फरक एवढाच की खरंच विचारायला जायचं नाही, आपलं गणित करायचं आणि आपणच फोन करायचा. सरांनी मान हलवली आणि पुढं गेले, पण जेवताना तिघी-चौघी येऊन म्हणाल्या बरं बोललात. दुसऱ्या वेळी त्या मुलीनं मस्त केलं, "दादा घरी आहेत, दर माझ्याकडं आहे, कागदाचा भाव वाढलाय, तुम्हाला जुन्या दरात पाहिजे असेल तर ऑर्डर डबल करा." सर गप्प. टाळ्या.

वसुलीचं पण याच दिवशी झालं आणि यातली माहिती मला तरी सोन्यासारखी वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. हा कायदा एवढा जुना आहे पण आपण व्याज लावतो का कुणाला? लावून बघा, पुढच्या सीझनला गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये. पण २०२३ च्या फायनान्स ॲक्टनं इन्कम टॅक्समध्ये जे आणलं (४३बी(एच) म्हणून ओळखतात), त्यानं काम सोपं झालं. मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्ष संपलं तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरायचा. म्हणजे टॅक्स त्याच्या अंगावर येतो, आपल्याला भांडायला लागत नाही. मॅडम म्हणाल्या बिलावर उद्यम नंबर (सरकारकडं लघुउद्योग म्हणून केलेल्या नोंदणीचा) छापा आणि फेब्रुवारीतच फोन करा, "शेठ, तुमच्या सीएला विचारून घ्या, मार्चच्या आत बघा." भांडण नाही, नातं पण तुटत नाही.

पण एक महत्त्वाचं सुटलं होतं ते एका साडीच्या दुकानवाल्या ताईंनी विचारलं म्हणून कळलं. नुसतं ट्रेडिंग करणाऱ्यांना हे लागू नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम रजिस्ट्रेशन मिळतं, पण ते बँकेच्या प्रायॉरिटी सेक्टर (बँकांनी प्राधान्यानं द्यायच्या) कर्जापुरतं, या ४५ दिवसांच्या संरक्षणासाठी नाही. हॉलमध्ये निम्म्या जणी ट्रेडिंगवाल्या होत्या, म्हणजे हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. आणि काही जणींचा अनुभव असा की मोठं गिऱ्हाईक म्हणतं उद्यम नंबर बिलावर टाकू नका नाहीतर माल दुसरीकडून घेतो. त्याचं उत्तर मॅडमकडं पण नव्हतं, त्यांनी सरळ तसं सांगितलं, ते मला आवडलं.

बाकीचे तीन रविवार पटापट सांगते.

पहिला रविवार, उद्घाटन. पाहुणे उशिरा, तोवर सगळ्या बसून. मग दीपप्रज्वलन, हार, शाल, नारळ, पाहुण्यांचं "स्त्री ही मुळातच मॅनेजर असते, घर चालवते म्हणजे कंपनीच चालवते" हे भाषण. कृपा करून हे बंद करा हो. घर चालवणाऱ्याला पगार नाही, रजा नाही आणि हिस्सा पण नाही, असली कंपनी कोण चालवायला घेईल. त्यानंतर पुण्याहून आलेले मोटिव्हेशनल सर. डोळे मिटा, पाच वर्षांनंतरची स्वतःला बघा, शेजारणीचा हात धरा, "मी करू शकते" जोरात म्हणा. शेजारच्या लग्नाच्या हॉलमधून डीजे आणि आमच्यातून "मी करू शकते".

याच सरांनी स्लाईडवर लिज्जत पापड दाखवलं, उद्योजिका कल्पना सरोज दाखवल्या, 'नायका' या ब्यूटी कंपनीच्या फाल्गुनी नायर दाखवल्या आणि आपल्या शेजारच्या म्हसवडची माणदेशी बँक दाखवली. उदाहरणं सगळी चांगली पण सांगायचं ते राहिलं. लिज्जत म्हणजे १९५९ ला गिरगावात सात बायका आणि ८० रुपये उसने, इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पण तिथं पापड लाटणारी प्रत्येक बाई मालक-सभासद आहे, नफ्यात वाटा आहे आणि लाटलेला माल तपासूनच घेतात, म्हणून ते टिकलंय. त्यावर एक शब्द नाही, नुसतं जिद्द जिद्द.

म्हसवडचं तर मला फारच लागलं, माझं माहेर माण तालुक्यातलं. चेतना सिन्हांनी बायकांसाठी सहकारी बँक काढायचा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं तो फेटाळला, कारण काय तर काही प्रवर्तक बायका निरक्षर. सरांनी गोष्ट इथून थेट "पण त्या हरल्या नाहीत!" वर नेली आणि १९९७ ला बँक झाली म्हणून टाळ्या घेतल्या. मधलं जे खरं आहे ते गाळलं. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि मुंबईला गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नसेल पण हिशोब येतो, मुद्दल सांगा, आम्ही कॅल्क्युलेटर न घेता व्याज काढतो, तुमच्या साहेबांना पण तसंच काढायला सांगा. मला वाटतं अख्ख्या कोर्सचा गाभा एवढ्यात आहे. त्यांनी तिथं आत्मविश्वास दाखवला नाही, व्याज काढून दाखवायची तयारी दाखवली. आमच्या हॉलमधल्या बायका पहाटे पाचला उठून दोन धंदे आणि एक घर सांभाळतात, त्यांच्यात आत्मविश्वास कमी आहे हे कुणी ठरवलं? आकडे हातात नाहीत, सही हातात नाही, तिथं आरडाओरडा करून काय होणार.

दुसरा रविवार टीम मॅनेजमेंटचा. एचआरवाले सर, मोठ्या कंपनीत होते, बोलायला चांगले, पण स्लाईड सगळ्या त्यांच्या जुन्या ऑफिसच्या. फीडबॅक कसा द्यायचा, आधी कौतुक मग चूक मग परत कौतुक. मी विचारलं, माझ्याकडं एक ऑपरेटर काका आहेत, सासऱ्यांच्या वेळचे, काम एक नंबर, मला मानानं वहिनीसाहेब म्हणतात आणि मशीन बंद पडलं की फोन माझ्या मिस्टरांना करतात, ते ऑफिसात मीटिंगमध्ये असतात आणि इथं ऑर्डर अडकते. याला फीडबॅक कसा द्यायचा? सर म्हणाले ओपन डायलॉग ठेवा. बरं.

खरं उत्तर दिलं कवठेमहांकाळकडच्या एका ताईंनी, त्यांचा पोल्ट्रीचा व्यवसाय आहे, पंधरा-सोळा गडी. त्या म्हणाल्या काकांना काही बोलू नका, मिस्टरांना सांगा की फोन आला की फक्त एकच वाक्य म्हणायचं, "मला यातलं माहीत नाही, त्यांनाच विचारा." सलग महिनाभर. आणि मेंटेनन्सचा खर्च तुमच्या सहीच्या वहीशिवाय मंजूर नाही असं करा, म्हणजे पार्ट पाहिजे असला की माणूस आपोआप तुमच्या टेबलाशी येतो. मी हे केलं. काका आता थेट मला सांगतात, वर "साहेबांना यातलं काय कळतंय" हे पण सांगतात. यासाठी सरांना नाही, पोल्ट्रीवाल्या ताईंना मार्क.

याच दिवसात एक गोष्ट यायलाच हवी होती आणि आलीच नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती करावीच लागते, अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा, आणि नाही केली तर ५०,००० पर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. हॉलमध्ये बायका कामाला ठेवणाऱ्या इतक्या जणी आणि बायकांच्या लीडरशिप कोर्समध्ये हा विषय शून्य मिनिटं. विचारल्यावर "तो लीगल टॉपिक आहे, ॲडव्हान्स बॅचमध्ये घेतो". म्हणजे त्याचे वेगळे पैसे.

चौथ्या रविवारी सकाळी सरकारी योजना तासाभरात गुंडाळल्या, आणि आकडे जुने. मुद्रा कर्जाची मर्यादा १० लाख सांगितली, २०२४ मध्ये ती २० लाख झालीय, पण आधीचं 'तरुण' गटातलं (मुद्राचा १० लाखांपर्यंतचा गट) कर्ज नीट फेडलेल्यांनाच. पीएमईजीपीला (नवीन उद्योगाला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना) उत्पादनासाठी २५ लाख सांगितले, २०२२ पासून ५० लाख आहे, सेवा उद्योगाला २०. बायकांना त्यात ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरात २५ टक्के सबसिडी, स्वतःचे फक्त ५ टक्के, हे बरोबर सांगितलं, पण ती सबसिडी हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकते आणि मग कर्जात वळती होते हे नाही सांगितलं. बायका त्या पैशाच्या भरवशावर मशीन बुक करून बसतात आणि मग पळापळ. सांगलीत राहून हे सगळं फुकट विचारायचं असेल तर विश्रामबागला जिल्हा उद्योग केंद्र आहे, बँकेच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत) ग्रामीण भागातल्यांना ट्रेनिंग, राहणं, जेवण सगळं मोफत असतं, बचत गटवाल्यांना उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आहे. यातलं एकही नाव कोर्सच्या पुस्तिकेत नाही. का नाही ते कळायला फार डोकं लागत नाही.

आणि पुस्तिकेच्या मागं "तुम्हाला मिळणारे फायदे" मध्ये लिहिलंय, उद्यम रजिस्ट्रेशन साहाय्य, किंमत २,००० रुपये, तुम्हाला मोफत. अहो ते सरकारी पोर्टलवर सगळ्यांनाच मोफत आहे! आधार आणि पॅन घेऊन बसलं की चहा होईस्तोवर होतं. फुकटची गोष्ट दोन हजारांची दाखवून वर मोफत दिली म्हणायचं, याला काय म्हणावं.

दुपारी फेटे. ड्रेस कोड नऊवारी नाहीतर काठापदराची, फेटे बांधायला माणूस बोलावलेला, सर्टिफिकेट, ड्रोन शूटिंग. फोटो सुंदर आलेत, माझ्या आईनं स्टेटसला ठेवला. पण अर्धा दिवस त्यात गेला आणि सीए मॅडम मात्र वेळ नाही म्हणून लोन प्रपोजलचं अर्ध्यावर सोडून गेल्या होत्या. त्या अर्ध्या दिवसात बॅलन्सशीट वाचायला शिकवलं असतं तर बँकेत मॅनेजरसमोर बसताना कामाला आलं असतं.

सोयीबद्दल. हॉल स्वच्छ, एसी जास्त, पार्किंग भरपूर. जेवण चांगलं, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी, आणि चहाबरोबर भडंग, तो पण आमच्यातल्याच एका ताईंचा, आयोजकांनी तिच्याकडूनच विकत घेतला हे मला फार आवडलं आणि तिला तिथंच आठ-दहा ऑर्डरी मिळाल्या. लहान मुलांची मात्र काहीच सोय नाही. एक मुलगी चार वर्षांच्या पोरीला घेऊन यायची, ती पोर रिसेप्शनच्या सोफ्यावर मोबाईल बघत बसायची आणि आई दर अर्ध्या तासानं बाहेर. एक ताई ठेवली असती सांभाळायला तर रविवारी घरी पोरं टाकून येता येत नाही म्हणून न आलेल्या कितीतरी जणी आल्या असत्या. साडेनऊची वेळ पण अवघडच, रविवारी सकाळी घरात नाष्टा-स्वयंपाक करून जत-आटपाडीकडून यायचं म्हणजे काय असतं ते वेळ ठरवणाऱ्याला माहीत नसावं.

नंतरचा सपोर्ट म्हणाल तर तीन मेंटरिंग कॉल कबूल केले होते. एक झाला, त्यात पंधरा मिनिटं माझं ऐकलं आणि नंतर डायमंड मेंबरशिप, ६५,००० रुपये, आज भरले तर ४५,०००. मी कॉस्टिंगचा कागद पुढं ओढला आणि म्हणाले विचारून सांगते. व्हॉट्सॲप ग्रुप मात्र कामाचा आहे, सकाळचे गुड मॉर्निंग आणि गुलाब सोडले तर. परवाच एकीनं टाकलं की अमुक पार्टी पैसे बुडवते, जपून, आणि एकीला तिथंच टेम्पो शेअर करायला सोबत मिळाली, मला दोन नवीन गिऱ्हाईकं मिळाली, त्यातलं एक म्हणजे ती लेबलवाली मुलगी, ती आता माझ्या बॉक्सवर छपाई करते आणि पैसे वेळेवर देते-घेते.

जावं का? धंदा चालू होऊन दोन-तीन वर्षं झालीत, माल चालतो पण पैसा दिसत नाही, अशा बाईनं जावं. ज्यांचं अजून काही ठरलेलंच नाही त्यांनी आधी आरसेटी नाहीतर उद्योग केंद्रात जाऊन यावं, पैसे वाचतील. आणि साताऱ्याकडच्यांना म्हसवड जवळ पडत असेल तर माणदेशीचे बायकांसाठीचे धंद्याचे कोर्स आहेत ते बघावेत, माझ्या माहेरच्या दोघी-तिघींनी केलेत, त्यात फेटे नाहीत पण वही घालायला शिकवतात.

माझ्याकडून पाचातले तीन स्टार, त्यातले अडीच सीए मॅडमचे आणि अर्धा भडंगाचा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात. फोन कराल तेव्हा तिसऱ्या रविवारी मॅडम त्याच आहेत का तेवढं विचारून घ्या, त्या नसतील तर मी तरी सुचवणार नाही.